मूळ प्रत मागणारा माणूस : संगीत-संशोधक ते लिथुआनियाचा राष्ट्रप्रमुख

११ मार्च १९९०. रात्रीचे पावणेअकरा वाजायला आले होते. लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस इथल्या विधिमंडळात मतमोजणी संपली: ठरावाच्या बाजूने १२४, तटस्थ ६, विरोधात एकही नाही. जेमतेम ३७ लाख वस्तीचा लिथुआनिया सोव्हिएत संघाला तोंडावर सांगत होता की आम्ही तुमचे नाही. इतर कुठल्याही सोव्हिएत प्रजासत्ताकाने तोवर हे पाऊल टाकलं नव्हतं. अध्यक्षांच्या खुर्चीवर होते चष्मा लावलेले, बारीक दाढी राखलेले ५७ वर्षांचे एक प्राध्यापक. दोन वर्षांपूर्वीपर्यंत राजकारणाशी त्यांचा संबंध नव्हता आणि कम्युनिस्ट पक्षाचे ते कधीच सभासद नव्हते. ते पियानो वाजवत, संगीताचा इतिहास शिकवत आणि १९११ साली वारलेल्या एका संगीतकाराची हस्तलिखितं लावत बसत. नाव व्हितौतास लांड्सबर्गिस.

त्यांची गोष्ट बहुधा नवलाईची म्हणून सांगितली जाते: बघा, पियानोवाला माणूस महासत्तेला भिडला! मला ती तशी वाटत नाही. माझ्या मते लांड्सबर्गिस यांनी आपला मूळ पेशा सोडलाच नाही. जुनं हस्तलिखित समोर ठेवायचं, त्यात परक्या हाताने काय घुसडलंय ते ओळखायचं आणि मूळ पाठ पुन्हा उभा करायचा, हे काम ते तीस वर्षं करत होते. मार्च १९९० मध्ये त्यांनी तेच एका देशाच्या बाबतीत केलं. ते कसं, हे कळायला आधी त्यांचं घर पाहावं लागेल.

काउनास शहरात १८ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील नामवंत वास्तुविशारद, आई नेत्रतज्ज्ञ. वडिलांचे वडील नाटककार. आईचे वडील योनास याब्लोन्स्किस हे तर आधुनिक प्रमाण लिथुआनियन भाषेचे जनक मानले जातात. या आजोबांच्या काळात, १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं, रशियाच्या झारने लिथुआनियन भाषा लॅटिन लिपीत छापायला बंदी घातली होती. लोक शेजारच्या, तेव्हा जर्मनीत असलेल्या पूर्व प्रशियात पुस्तकं छापून घेत आणि पाठीवर गाठोडी बांधून रात्री-अपरात्री सीमा ओलांडून आणत. त्या माणसांना तिथे ‘पुस्तकवाहक’ म्हणून आजही मान आहे. याब्लोन्स्किस यांचं व्याकरण १९०१ मध्ये आलं तेही टोपणनावाने. अशा घरात वाढलेल्या मुलाला शब्दाची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही.

या भाषेशी आपलंही दूरचं नातं आहे. लिथुआनियनमध्ये देवाला ‘दिएवास’ म्हणतात, आगीला ‘उग्निस’, मुलाला ‘सूनुस’, मेंढीला ‘अविस’. संस्कृतातले देव, अग्नि, सूनु आणि अवि ओळखायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. इंडो-युरोपीय कुळातली जुनी रूपं या भाषेने फार जपून ठेवली आहेत.

घराचा इतिहास सरळ नाही, आणि तो झाकूनही ठेवू नये. जून १९४१ मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा काही आठवड्यांसाठी एक हंगामी लिथुआनियन सरकार बनलं. वडील त्यात मंत्री होते. त्याच उन्हाळ्यात तिथे ज्यूंची कत्तल सुरू झाली आणि युद्ध संपेपर्यंत देशातले बहुतेक सगळे ज्यू मारले गेले. त्या सरकारच्या वागणुकीबद्दल आजही तिथे कडवट वाद होतात. आणि याच घरातल्या आईने ज्यूंना आसरा दिला. त्याबद्दल पुढे इस्रायलने तिला ‘राष्ट्रांमधील सज्जन’ हा सन्मान दिला. युद्धाच्या अखेरीस थोरल्या भावाला जर्मनांनी पकडून नेलं. वडील त्याच्या शोधात जर्मनीत गेले, तिथून ऑस्ट्रेलियात, आणि परतले ते थेट १९५९ मध्ये. पत्नी ग्राझिना पियानोवादक होत्या. स्टालिनच्या काळात त्या सायबेरियात हद्दपारी भोगून आल्या होत्या. जर्मनी आणि रशिया या दोन पात्यांमध्ये तो देश कसा भरडला गेला, हे या एका कुटुंबाकडे बघितलं तरी कळतं.

आता संगीत-संशोधक नेमकं करतो काय? गायक गातो, वादक वाजवतो, संगीतकार रचतो. संशोधक त्या रचनेचा कागद वाचतो. हा सूर रचणाऱ्यानेच लिहिला की नंतर कुणी दुरुस्त केला? खोडलेली ओळ पेन्सिलीची की शाईची? दोन प्रतींत फरक आहे, तर आधीची कुठली? पोथ्यांचे पाठभेद तपासणाऱ्या आपल्याकडच्या अभ्यासकांना हे काम लगेच ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की इथे अक्षरांच्या जागी स्वर असतात.

लांड्सबर्गिस यांनी आयुष्य दिलं ते मिकालोयुस च्युरल्योनिस या कलावंताला. १८७५ मध्ये जन्मलेला, ३५ व्या वर्षी गेलेला हा माणूस संगीतकार होता आणि चित्रकारही. वॉर्सा आणि लाइपझिग इथे त्याने संगीताचं शिक्षण घेतलं. लिथुआनियाची पहिली सिम्फनिक कविता, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेलं सलग वर्णनात्मक संगीत, त्याचीच. नाव ‘अरण्यात’. पुढे त्याने चित्रंसुद्धा सोनाटासारखी, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचनेसारखी, रचली: ‘सूर्याचा सोनाटा’, ‘समुद्राचा सोनाटा’. एकेका सोनाटात तीन-चार चित्रं, आणि प्रत्येकाला संगीतातल्यासारखी लय, संथ वा द्रुत. स्टालिनच्या काळात अशी कला ‘अधःपतित’ ठरत असे. कारखाने आणि ट्रॅक्टर दाखवायचे सोडून हा ढगांत राजवाडे काय काढतो! स्टालिन गेल्यावर पकड सैल झाली आणि तरुण लांड्सबर्गिस यांनी च्युरल्योनिसचे कागद हाती घेतले. १९६९ मध्ये याच विषयावर त्यांनी प्रबंध केला, पियानोरचना हस्तलिखितांवरून संपादित केल्या, स्वतः वाजवून ध्वनिमुद्रितही केल्या. १९७८ पासून ते व्हिल्नियसच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. काउनासच्या शाळेतला त्यांचा एक मित्र युद्धानंतर अमेरिकेत पोचला आणि जॉर्ज माच्युनास या नावाने ‘फ्लक्सस’ नावाची कलाचळवळ उभी करून बसला. वाद्य न वाजवता संगीत, रिकाम्या रंगमंचावर नाटक, असं काहीतरी उफराटं आणि खोडकर. पोलादी पडद्याच्या दोन्ही बाजूंनी या मित्रांचा पत्रव्यवहार चालला. शिवाय लांड्सबर्गिस बुद्धिबळात पक्के: १९५२ च्या लिथुआनियन अजिंक्यपद स्पर्धेत तिसरे.

सोव्हिएत राजवटीत उघड राजकारण शक्य नव्हतं. मग ‘आम्ही कोण’ या प्रश्नाची चर्चा कुठे होणार? गाण्यात, चित्रात, व्याकरणात, जुन्या इमारतींच्या जतनात. बाल्टिक देशांत दर काही वर्षांनी भरणारे गीत महोत्सव हे त्याचं सगळ्यात मोठं रूप. लिथुआनियातला पहिला १९२४ चा, काउनासमधला. हजारो लोक एका मैदानात, एका सुरात गातात. सोव्हिएत सरकारने महोत्सव बंद केले नाहीत, त्यात लेनिनची गाणी घातली. लोक लेनिनचीही गात आणि आपलीही. म्हणून सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी मोकळीक दिली तेव्हा पुढे आलेल्या माणसांत संगीतकार, लेखक, तत्त्वज्ञ, शास्त्रज्ञ भरपूर होते. ३ जून १९८८ रोजी व्हिल्नियसच्या विज्ञान अकादमीत एक सभा झाली आणि ३५ जणांचा गट निवडला गेला. त्याचं नाव ‘सायूदिस’, अर्थ साधा: चळवळ. लांड्सबर्गिस त्या ३५ जणांत होते आणि नोव्हेंबरमध्ये ते चळवळीचे अध्यक्ष झाले.

यानंतर येतो तो कागद.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलरच्या जर्मनीने आणि स्टालिनच्या सोव्हिएत संघाने अनाक्रमणाचा करार केला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्याला एक गुप्त पुरवणी जोडलेली होती. दोघांनी पूर्व युरोप आपसात वाटून घेतला होता. लिथुआनिया आधी जर्मनीच्या वाट्याला गेला होता. २८ सप्टेंबरच्या दुसऱ्या गुप्त पुरवणीने तो स्टालिनकडे सरकवला गेला. नैर्ऋत्येची एक चिंचोळी पट्टी जर्मनीच्या नावावर राहिली होती, ती जानेवारी १९४१ मध्ये सोव्हिएत संघाने ७५ लाख डॉलर किमतीचा मोबदला देऊन सोडवून घेतली. त्या पट्टीत राहणाऱ्यांना अर्थातच कुणी विचारलं नाही. जून १९४० मध्ये निर्वाणीचा खलिता आला, पाठोपाठ रणगाडे आले, जुलैत एकाच यादीची निवडणूक झाली आणि ३ ऑगस्टला लिथुआनिया ‘स्वेच्छेने’ सोव्हिएत संघात सामील झाल्याचं जाहीर झालं.

मॉस्कोची भूमिका पन्नास वर्षं एकच: अशी गुप्त पुरवणी नाहीच. जर्मन दफ्तरातून ब्रिटिश-अमेरिकनांच्या हाती लागलेल्या सूक्ष्मफिती (मायक्रोफिल्म) होत्या, पण मूळ प्रत दिसत नाही तोवर त्या खोट्या, असं उत्तर मिळे. १९८९ मध्ये लांड्सबर्गिस मॉस्कोच्या लोकप्रतिनिधी महासभेवर निवडून गेले. या कराराच्या चौकशीसाठी गोर्बाचेव्ह यांचे सहकारी अलेक्सांद्र याकोव्लेव्ह यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, त्यात ते होते. मूळ प्रत नसताना सूक्ष्मफिती कितपत विश्वासार्ह, आजूबाजूचे कागद काय सांगतात, घटना त्या मजकुराप्रमाणेच घडल्या की नाही, हे ठरवायचं होतं. हस्तलिखितं लावण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला यापेक्षा ओळखीचं काम कुठलं? त्याच वर्षी २३ ऑगस्टला, कराराच्या पन्नासाव्या वर्षदिनी, एस्टोनियातल्या तालिनपासून व्हिल्नियसपर्यंत सुमारे ६०० किलोमीटर लांब माणसांची साखळी उभी राहिली. तिच्यात वीस लाखांपर्यंत लोक असल्याचा अंदाज आहे. आणि २४ डिसेंबरला मॉस्कोच्या महासभेनेच मान्य केलं की गुप्त पुरवणी होती आणि ती सुरुवातीपासून बेकायदा होती.

इथून पुढचा मुद्दा कायद्याचा आहे आणि तोच समजायला अवघड जातो. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याची जमीन दांडग्या शेजाऱ्याने बळकावली, पन्नास वर्षं कसली, सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढवलं. आता शेतकऱ्याच्या नातवापुढे दोन वाटा आहेत. ‘मला माझा हिस्सा वाटून द्या’ असा वाटणीचा दावा तो लावू शकतो. पण वाटणी मागितली की जमीन सामाईक होती, हे आपणच कबूल केलं. दुसरी वाट म्हणजे ‘नोंदच खोटी आहे, ताबा सोडा’ असं म्हणणं.

सोव्हिएत राज्यघटनेच्या ७२ व्या कलमात प्रजासत्ताकांना बाहेर पडण्याचा हक्क लिहिलेला होता. ही वाटणीची वाट. एप्रिल १९९० मध्ये गोर्बाचेव्ह यांनी तिचा कायदाही करून दिला: सार्वमतात दोन-तृतीयांश मतं, मग पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ. लिथुआनियाने त्या वाटेवर पाऊलच ठेवलं नाही. ११ मार्चच्या ठरावात ‘फुटून निघणं’ नाही, ‘नवा देश’ही नाही. १६ फेब्रुवारी १९१८ च्या स्वातंत्र्यघोषणेचा हवाला देऊन तो म्हणतो की १९४० मध्ये परक्या बळाने थांबवलेली राज्यसत्ता आम्ही पुनःस्थापित करत आहोत.

त्या रात्री एक विलक्षण गोष्ट झाली. सोव्हिएत घटना रद्द करून आधी १९३८ ची लिथुआनियन घटना पुन्हा लागू केली गेली आणि लगेच, त्याच बैठकीत, ती थांबवून हंगामी मूलभूत कायदा आणला. वरवर पाहता हा द्राविडी प्राणायाम. १९३८ ची घटना एका एकाधिकारशाही अध्यक्षाच्या राजवटीतली, ती कुणाला नकोच होती. पण तुटलेला धागा जिथे तुटला तिथेच गाठ मारायची होती. संपादक आधी मूळ पाठ जसा होता तसा मांडतो आणि मगच त्यात बदल सुचवतो. या क्रमात मला तोच हात दिसतो. ठरावामागे अनेक जण होते, कायदेपंडितही होते, हे खरंच. पण या एका शब्दावर ठाम राहून त्याची किंमत चुकवण्याची जबाबदारी लांड्सबर्गिस यांच्या डोक्यावर होती.

या शब्दाला बाहेरही आधार होता. अमेरिकेने २३ जुलै १९४० रोजीच हा ताबा मान्य नसल्याचं जाहीर केलं होतं आणि वॉशिंग्टनमधली लिथुआनियाची वकिलात पन्नास वर्षं उघडी राहिली होती. जो देश कागदावर मेलाच नाही, त्याला पुन्हा जन्म कशाला घ्यावा लागेल?

किंमत लगेच वसूल झाली. एप्रिलच्या मध्यावर मॉस्कोने आर्थिक नाकेबंदी केली. माझेइकियाईच्या शुद्धीकरण कारखान्याचं खनिज तेल बंद, नैसर्गिक वायू तुटपुंजा. पाश्चात्त्य मित्रांनीही हात आखडता घेतला, आणि त्याचं मोठं कारण जर्मनी होतं. बर्लिनची भिंत नुकतीच पडली होती, दोन जर्मनी एक करायला गोर्बाचेव्ह यांची संमती हवी होती, त्यामुळे कुणालाच त्यांना दुखवायचं नव्हतं. २६ एप्रिलला जर्मनीचे कोल आणि फ्रान्सचे मित्तराँ यांनी लांड्सबर्गिस यांना संयुक्त पत्र लिहून ठरावाचे परिणाम काही काळ थांबवण्याची सूचना केली. हटवादी, आडमुठा प्राध्यापक अशी त्यांची ख्याती तेव्हा पसरली.

जूनअखेर त्यांच्या विधिमंडळाने वाकल्यासारखं दाखवलं, पण शब्द बघा: स्थगिती १०० दिवसांची, ठरावातून निघणाऱ्या कायदेशीर कृतींपुरती, आणि तीही दोन राज्यांमधल्या वाटाघाटी सुरू होतील त्या दिवसापासून. मॉस्कोने नाकेबंदी उठवली. वाटाघाटी खऱ्या अर्थाने सुरू झाल्याच नाहीत, आणि ठराव जागच्या जागी राहिला.

मग आला जानेवारी १९९१. जगाचं लक्ष तोंडावर आलेल्या आखाती युद्धाकडे होतं. १३ तारखेच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे व्हिल्नियसच्या दूरचित्रवाणी मनोऱ्यावर चालून गेले. मनोऱ्याभोवती निःशस्त्र माणसं कडं करून उभी होती. १४ नागरिक मारले गेले, शेकडो जखमी झाले. प्रक्षेपण बंद पडलं तशी काउनासच्या छोट्या केंद्रावरून बातमी जगभर जाऊ लागली. पुढचं लक्ष्य विधिमंडळ असणार हे उघड होतं. लांड्सबर्गिस आतच राहिले. बाहेर हजारो लोक थंडीत शेकोट्या पेटवून उभे, आणि लष्कराच्या गाडीवरच्या कर्ण्यातून शरण येण्याच्या सूचना.

त्या रात्री ते लोकांशी जे बोलले ते ध्वनिमुद्रित आहे. त्यांनी सांगितलं की आपल्याला दडपणाऱ्या आवाजाकडे लक्ष देऊ नका. गाण्याने आपल्याला शतकानुशतकं साथ दिली आहे, आताही गाऊया, हवं तर भक्तिगीतं म्हणूया, पण शिव्या देऊ नका, मारामारीत पडू नका. हे वाचून काहींना भाबडेपणा वाटेल. पण क्षणभर त्या गर्दीचा विचार करा. घाबरलेल्या, संतापलेल्या हजारो माणसांना रात्रभर एकत्र धरायचं आहे, आणि एक दगड जरी भिरकावला गेला तरी समोरच्याला गोळीबाराचं निमित्त मिळणार आहे. गाणाऱ्या माणसाचा श्वास शेजारच्याच्या श्वासाशी जुळतो, पळायचं असेल तर त्याला आधी गाणं तोडावं लागतं. समूहगान काय करतं हे आयुष्यभर संगीतात राहून ज्याला ठाऊक होतं, त्याने ते त्या रात्री वापरलं. विधिमंडळावर हल्ला झाला नाही.

पुढचं भराभर घडलं. ९ फेब्रुवारीच्या जनमत कौलात मतदान करणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक स्वतंत्र लोकशाहीच्या बाजूने उभे राहिले. दोन दिवसांनी चिमुकल्या आइसलँडने जाहीर केलं की लिथुआनियाला दिलेली जुनी, १९२२ ची मान्यता अजून लागू आहे. म्हणजे त्यांनीही ‘पुनःस्थापना’ हाच पाठ वाचला. ऑगस्टमध्ये मॉस्कोतला सत्तापालटाचा प्रयत्न फसला. ६ सप्टेंबर १९९१ ला सोव्हिएत संघाने मान्यता दिली आणि १७ तारखेला लिथुआनिया संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला. ३१ ऑगस्ट १९९३ ला शेवटची रशियन फौज परत गेली.

देश सोडवणं आणि देश चालवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. सामुदायिक शेतं घाईने मोडली, जुन्या बाजारपेठा तुटल्या, १९९२ मध्ये महागाई हजार टक्क्यांपलीकडे गेली. त्या शरदात लोकांनी लांड्सबर्गिस यांना हरवून माजी कम्युनिस्ट अल्गिर्दास ब्राझाउस्कास यांच्या पक्षाला बहुमत दिलं. सत्ता शांतपणे हस्तांतरित झाली, याला माझ्या लेखी ११ मार्चइतकंच मोल आहे. १९९३ मध्ये त्यांनी ‘पितृभूमी संघ’ हा पक्ष काढला, १९९६ ते २००० ते संसदेचे अध्यक्ष होते, १९९७ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिसरे आले, २००४ ते २०१४ युरोपीय संसदेत होते. त्यांची भाषा बोचरी. विरोधकांना क्षमा करण्यात ते कमी पडले, असं त्यांचे चाहतेही म्हणतात. १९९० ते १९९२ या काळात ते देशाचे राष्ट्रप्रमुख होते, याला संसदेने २०२२ मध्ये कायद्याने मान्यता दिली. नातू गाब्रिएल्युस २०२० ते २०२४ परराष्ट्रमंत्री होता.

लांड्सबर्गिस निवडणूक हरले त्याच वर्षी, १९९२ मध्ये, क्रेमलिनच्या दफ्तरात गुप्त पुरवणीची मूळ रशियन प्रत सापडली. सूक्ष्मफिती खऱ्याच होत्या.

एक कागद मात्र तरीही गहाळ होता. ११ मार्चचा ठराव ज्या पायावर उभा आहे, त्या १६ फेब्रुवारी १९१८ च्या घोषणेची मूळ प्रत कुणालाच ठाऊक नव्हती. मार्च २०१७ मध्ये काउनासचे एक प्राध्यापक, लिउदास माझिलिस, बर्लिनला गेले आणि जर्मन परराष्ट्र खात्याच्या अभिलेखागारात जुन्या फायली चाळू लागले. तिथे त्यांना ती मिळाली: हाताने लिहिलेला लिथुआनियन मजकूर आणि खाली वीसच्या वीस सह्या. माझिलिस पुढे २०१९ मध्ये युरोपीय संसदेवर निवडून गेले, लांड्सबर्गिस यांनी स्थापन केलेल्या पक्षाकडून.